ट्रॉलीतली गाय

निंबवाडीहून यवतकडे येणारा रस्ता आधी कॅनॉलच्या भरावावर चढतो, थोडा वेळ पाण्याला धरून चालतो आणि मग एकदम खाली उतरतो. त्या उतारावर सम्राट आपली तीनचाकी पहिल्या गिअरमध्ये टाकायचा. उतार लागल्यावर नव्हे, लागण्याच्या आधीच. मागं भरलेली ट्रॉली असली की उतारावर ती गाडीला ढकलते, आणि अशा वेळी नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवणारा माणूस कॅनॉलमध्ये जातो, हे त्याला ठाऊक होतं.

गाडी मूळची साधी मोटरसायकल. सणसवाडीच्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर काम करताना सम्राटचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. दवाखान्यातून परतल्यावर त्यानं दौंडच्या एका वेल्डिंगवाल्याकडून ती बदलून घेतली. मागच्या एका चाकाच्या जागी दोन चाकं आली, पायातला गिअर हातात आला, आणि मागं हूक बसवून त्याला दोन चाकांची छोटी ट्रॉली जोडली गेली. निंबवाडीच्या रानातल्या अरुंद वाटांवर टेम्पो शिरत नाही. त्यामुळे बांधावरचं माळवं, सगळा भाजीपाला, हायवेपर्यंत पोचवायला ही गाडी गावाला सोयीची पडली. दोन वर्षं सम्राटचा धंदा बरा चालला होता.

त्या सकाळी झुंबरकाकूंचा फ्लॉवर भरायचा होता. काकू साठीच्या पुढच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पण रान अजून स्वतः बघायच्या. क्रेट उचलणाऱ्या बायकांना त्या घाई करत होत्या.

"अगं, मागं मोकळं हाय की. टाका तिथंच पटापटा."

"मागं न्हाई काकू," सम्राट म्हणाला. "आधी पुढं भरा. चाकांच्या जरासं पुढं वजन पायजे. मागं जास्त झालं की ही ट्रॉली माझ्या गाडीचं ढुंगण वर उचलती."

बायका खळखळून हसल्या. सम्राटही हसला. पण गंमत म्हणून तो हे सांगत नव्हता. पहिल्याच महिन्यात खताची पोती मागच्या फळीला लागून भरली गेली होती, आणि हायवेवर मागून ट्रक सुसाट गेला तशी ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवी हेलकावायला लागली. ब्रेक दाबावा तर आणखी हेलकावे. शेवटी हात घट्ट धरून, ब्रेकला न शिवता, गाडी आपोआप मंदावेपर्यंत तो सरळ जात राहिला होता. तेव्हापासून क्रेट कसे रचायचे, दोर कसा आवळायचा, हुकाची पिन कशी तपासायची आणि पिन तुटलीच तर ट्रॉली सुटू नये म्हणून खालून साखळी कशी घ्यायची, हे तो सगळ्यांना सांगे. पार पुढंही भरू नका म्हणे, कारण मग पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकत नाही. गावातल्या गड्यांना हे आता पाठ झालं होतं.

काकूंच्या सुनेनं चहा आणला. बायकांना स्टीलचे पेले होते. सम्राटला कागदी कप होता.

दोन वर्षं तो कागदी कपच होता. घरात पेले कमी नव्हते. पूर्वी सम्राटच्या वस्तीतल्या माणसासाठी कान तुटलेली कपबशी बाहेर कोनाड्यात ठेवलेली असे, आता कागदी कप आले होते. कुणी कुणाला काही बोलत नव्हतं, सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. सम्राटनं चहा घेतला, कप चुरगळून खिशात टाकला आणि गाडी काढली.

घरी त्याचे वडील म्हाळू. पंचाहत्तरी गाठलेले, नजर अधू झालेली, पण वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी झाडून दिवा लावायचे काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. सम्राटची बायको करुणा सणसवाडीत पॅकिंगच्या कामावर होती आणि तिथंच एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून बुधवारची पाळी सुटली की ती गावी यायची. उरलेले दिवस घरात बाप आणि लेक, आणि दोघंही मितभाषी.

*

पावसाळ्याच्या अखेरीस झुंबरकाकूंच्या गोठ्यातलं वासरू मेलं. काकूंचा मुलगा पुण्यात, गडी गावाला गेलेला. काकूंनी दोन-चार जणांना हाका मारल्या. जो तो म्हणाला, "बघतो, येतो," आणि कुणी आलं नाही. दुपारपर्यंत माश्या घोंगावायला लागल्या. गाय दावणीला हंबरत होती.

सम्राट मोकळी ट्रॉली घेऊन त्या वाटेनं चालला होता. काकू रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या. पदर डोळ्याला लावलेला.

"बाबा, तेवढं नेतोस का रं? त्याची आई बघती त्याच्याकडं. मला बघवंना."

सम्राटनं एक क्षण विचार केला असेल. समोर एक रडणारी म्हातारी होती आणि एक हंबरणारी गाय होती. त्यानं वासरू ट्रॉलीत घातलं, वर पोतं टाकलं आणि ओढ्यापलीकडच्या पडीक जागेत नेऊन पुरलं. परत येताना कॅनॉलवर ट्रॉली घासून धुतली, डेटॉल टाकून पुन्हा धुतली.

घरी आला तेव्हा म्हाळू ओट्यावर बसले होते. बातमी त्याच्याआधी वस्तीत पोचली होती.

"वासरू नेलंस?"

"व्हय. काकू एकट्या हुत्या, बाबा."

म्हाळूंनी मान हलवली. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. त्या रात्री आणि त्यानंतरही ते मुलाशी कामापुरतंच बोलले, मग तेवढंही बोलेनासे झाले.

या गप्प बसण्याला कारण होतं. म्हाळू पोरसवदा होते तेव्हा गावातलं मेलेलं जनावर ओढणं हे त्यांच्या वस्तीचं काम होतं. ज्याचं जनावर तो दारात उभा राहून हाक मारायचा आणि म्हाळूंच्या बापानं हातातला घास ठेवून उठायचं. धम्म घेतल्यावर वस्तीनं एके दिवशी ठरवलं, हे काम बंद. गावानं मग दळण बंद केलं, मजुरी बंद केली, रानातून जायची वाट बंद केली. सबंध उन्हाळा वस्तीनं हुलग्याच्या माडग्यावर काढला. म्हाळूंची धाकटी बहीण त्याच उन्हाळ्यात गेली. पण कुणी माघार घेतली नाही, आणि वस्तीतल्या कुणीही त्यानंतर गावाचं जनावर ओढलं नव्हतं. सम्राटनं हे सगळं लहानपणापासून ऐकलं होतं. त्याला वाटलं होतं, ती जुनी गोष्ट. एका म्हातारीचं वासरू नेणं म्हणजे काही गावकीची चाकरी नव्हे.

गावाला मात्र तसं वाटलं नाही. पंधरवडा गेला नसेल तोच फोन आला. "सम्राट, आमचं रेडकू गेलंय. झुंबरकाकूंचं नेलंस नव्हं, तसंच ने." मग आणखी एक फोन. मग दूध डेअरीचे चेअरमन पोपटराव. पोपटरावांच्या शब्दाबाहेर निंबवाडीत कुणी जात नसे. ग्रामपंचायतीतही सरपंचपदावर त्यांचीच सून होती.

"आप्पा, म्हस मोठी हाय तुमची," सम्राट त्यांना फोनवर म्हणाला. "माझ्या गाडीला त्ये वजन झेपायचं न्हाई. उतारावर ट्रॉली पलटी हुईल."

"बरं, बरं," पोपटराव म्हणाले. "जेसीबी बघतो."

सम्राटला वाटलं, सुटलो. वजनाचं कारण खोटंही नव्हतं. पुढच्या माणसालाही त्यानं तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही.

*

दिवाळीच्या सुमारास क्रेट कमी व्हायला लागले.

आधी एकानं टेम्पो आत आणायला वाट रुंद केली. दुसऱ्यानं मोटरसायकलवर दोन-दोन क्रेट न्यायला सुरुवात केली. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. सम्राट सकाळी गाडी काढायचा, बांधाबांधानं फिरायचा, आणि माणसं हात वर करून म्हणायची, "आज न्हाई रं. उद्या बघू." हुकात मोकळी ट्रॉली खडखडत राहायची. मोकळी ट्रॉली भरलेलीपेक्षा जास्त उसळते, म्हणून तो आणखी सावकाश जायचा. त्याला कुठं जायची घाईही नव्हती.

खरं कारण त्याला कळलं ते झुंबरकाकूंकडून. त्यांच्या वांग्यांची तोडणी होती, आणि तो नेहमीसारखा बांधावर जाऊन थांबला. काकू जवळ आल्या, पण रोजच्यापेक्षा चार पावलं लांब उभ्या राहिल्या.

"आज दुसऱ्या गाडीला सांगितलंय बाबा."

"बरं. उद्या येऊ?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्या मनात काय न्हाई रं. देवाशप्पथ न्हाई. पर लोकं म्हणत्यात, त्या ट्रॉलीला वास येतोय. मेलेली जनावरं वाहती म्हणत्यात. खायची वस्तू पडली. सून बी म्हणती, नको."

"काकू, एकच वासरू नेलं मी. तुमचं."

"म्हाईत हाय," काकू पुटपुटल्या. "मला म्हाईत हाय."

आणि त्या मागं न बघता वांग्यांच्या सरीत शिरल्या.

निंबवाडीतल्या कितीतरी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून मेलेली जनावरं गेली होती. त्याच ट्रॉल्यांतून दुसऱ्या दिवशी ऊस जायचा, गहू जायचा, वऱ्हाडही जायचं. त्या ट्रॉल्यांना कधी वास आला नव्हता. सम्राटनं आपली ट्रॉली पुन्हा धुतली. सोडा घालून, ब्रश मारून, उन्हात उलटी करून वाळवली. मग वाकून, नाक फळीला लावून त्यानं वास घेतला. ओल्या लाकडाशिवाय कशाचाच वास नव्हता.

वस्तीतही त्याला कुणी बोलवेना. विहारातल्या बैठकीचा निरोप आला नाही. शेजारचा विनोद, ज्याच्याबरोबर तो शाळेत गेला होता, एकदा दारात थांबून म्हणाला, "तुझ्यावर राग न्हाई गड्या. पर आपल्या म्हाताऱ्यांनी जे उपाशी राहून सोडलं, त्ये तू एका वासरापायी परत चालू केलंस." सम्राटकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला विनोद थांबला नाही.

सम्राट गावात होता आणि वस्तीतही होता, पण बोलायला त्याला कुणी उरलं नव्हतं. दुपारी तो कॅनॉलच्या भरावावर गाडी लावून बसायचा. खोटा पाय काढून शेजारी ठेवायचा. घरी जावं तर बाप भिंतीकडं तोंड करून बसलेला. फोन काढावा तर करुणाची पाळी चालू.

करुणाला त्यानं बरेच दिवस काही सांगितलं नव्हतं. पण ती गुरुवारी आली की घरातल्या शांततेचा अर्थ लावायची. एका गुरुवारी तिनं भाकरी थापता थापता विचारलं आणि त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तवा उतरवून ठेवल्यावर म्हणाली,

"एक विचारू? तुम्ही दर टायमाला वजनाचं नाव सांगता. जनावर हलकं असलं तर न्याल का?"

"न्हाई."

"मग वजनाचं का सांगता?"

"उगं तंटा नको म्हणून."

"तंटा टळला का?" करुणा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्येंनी माळवं बंद केलं, आपल्या माणसांनी बोलणं बंद केलं. तुम्ही अजून न्हाई म्हटलंच न्हाई, आन् न्हाई म्हटल्याची शिक्षा मातुर चालू झाली."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सणसवाडीला गेली. सम्राटनं तिला हायवेवर सोडलं.

*

माघात निंबवाडीत सप्ताह बसतो. त्याच्या आदल्या आठवड्यात पोपटरावांचा माणूस सम्राटला शोधत आला. डेअरीतून पेंडीची पोती गोठ्यावर न्यायची होती. कित्येक दिवसांनी गावातून काम आलं होतं. सम्राटनं पोती नेली, उतरवली.

"ट्रॉली हितंच सोड," पोपटराव म्हणाले. "दुपारी आणखी पोती हायत. जेवून ये निवांत."

सम्राटनं पिन काढली, ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले आणि नुसती तीनचाकी घेऊन घरी गेला. जेवताना त्यानं बापाला सांगितलं, "आप्पांनी काम दिलंय." म्हाळूंनी फक्त वर बघितलं.

तो परत आला तेव्हा गोठ्यापुढं सात-आठ माणसं उभी होती आणि ट्रॉलीत गाय होती.

पोपटरावांची जर्सी. चार दिवस आजारी होती, सकाळीच गेली असणार. लाकडी फळ्यांवरून ओढून तिला ट्रॉलीत चढवलं होतं. मागचे पाय फळीबाहेर लोंबत होते, सगळं वजन मागं पडलं होतं आणि ट्रॉलीचा दांडा आभाळाकडं तोंड करून वर उचललेला होता. शेजारीच पोपटरावांचा ट्रॅक्टर उभा होता. त्याची मोठी ट्रॉली दोन गडी पाण्याचा पाइप लावून धूत होते.

"आलास? लाव हूक," पोपटराव म्हणाले. "ओढ्यापल्याड न्यायचीय. तुला जागा म्हाईत हाय."

सम्राट गाडीवरून उतरला नाही. "आप्पा, पोती न्यायची हुती नव्हं?"

"पोती बी हायत. आधी हे उरक."

"तुमचा टॅक्टर हाय की."

"त्यात सप्त्याचा शिधा आणायचाय उद्या. धुऊन घेतोय, दिसंना का?" पोपटरावांनी समजुतीच्या स्वरात म्हटलं. "आन् तुझं माळवं बंद झालंय म्हणं. मी सांगतो सगळ्यांना. माझ्या शब्दाबाहेर न्हाई जायचं कुणी."

सम्राटच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "वजन जास्त हाय, आप्पा. सगळं मागं पडलंय. अशी वढली तर ट्रॉली हेलकावं खाईल."

पोपटराव हसले. मागं वळून गड्यांना म्हणाले, "पुढं सरकवा रं तिला. ह्येला पुढं लागतं."

गडी पुढं झाले. दोन वर्षं त्यांनी सम्राटच्या हाताखाली क्रेट रचले होते. त्यांनी गाईला ओढून चाकांच्या जरा पुढं घेतलं, पाय आत दुमडले, दोर घालून चारी कोपऱ्यांना आवळला. एकानं दोर ओढून बघितला, अगदी सम्राट बघायचा तसा. दांडा खाली आला आणि बरोबर हुकाच्या उंचीवर थांबला.

"कॅनॉलचा उतार हाय," सम्राट म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला.

"दोघं मागनं दोर धरून चालतील. धरा रं दोघं."

"साखळी—"

"साखळी बी लावतो." एका गड्यानं पुढं होऊन साखळी त्याच्या गाडीच्या कडीत अडकवली सुद्धा.

"परवा बाहेरगावच्या माणसाचा कांदा न्हेलास," पोपटराव म्हणाले. "त्यो काय हलका हुता? आता बोल. आता काय अडचण हाय?"

सगळे सम्राटकडं बघत होते. ट्रॉली नीट भरलेली होती. तो स्वतः भरता तर यापेक्षा चांगली भरली नसती. पिन लावायची, पहिला गिअर टाकायचा आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. ज्या कारणाच्या आड तो इतके महिने उभा होता, ते या माणसांनी त्याच्याच हिशोबानं एकेक करून बाजूला काढलं होतं.

तो गाडीवरून उतरला. खोट्या पायानं चालत मागं गेला. वाकून त्यानं कडीतली साखळी काढली आणि ट्रॉलीच्या दांड्यावर ठेवली.

"आता काय न्हाई आप्पा," तो म्हणाला. "आता वजन बरोबर बसलंय. आता माझी गाडी वढंल. पर मी वढणार न्हाई."

"म्हंजी?"

"गाय तुमची हाय. दूध तुम्ही काढलं, शेण तुमच्या रानात पडलं. मेल्यावर ती माझी कशी झाली?"

कुणीतरी मागून म्हणालं, "झुंबरकाकूंचं न्हेलंस तवा?"

"तवा एका म्हातारीला मदत केली. तुम्ही त्या मदतीची चाकरी करून टाकलीत. वजन जास्त हाय, वजन जास्त हाय म्हणत हुतो मी. त्ये खोटं न्हवतं, पर खरं बी न्हवतं. खरं ह्ये हाय की माझ्या आज्यानं हे काम सोडलंय. मी न्हाई त्ये परत धरायचा. हलकं असो का जड."

पोपटरावांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "मग ट्रॉली बी हितंच ऱ्हाईल तुझी."

"ऱ्हाऊ द्या."

त्यानं गाडी चालू केली. मागं काही नसल्यानं ती हलकी, पोरकी झाल्यासारखी पळाली. कॅनॉलच्या चढावर आल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली. धंद्याचं एकुलतं साधन तो मेलेल्या गाईसकट मागं सोडून आला होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. पाणी वाहत होतं. त्यानं हँडलवर डोकं टेकवलं आणि तसाच बसून राहिला.

गाय तशी किती वेळ ठेवणार? ऊन चढलं होतं. शेवटी पोपटरावांनाच आपला ट्रॅक्टर त्या छोट्या ट्रॉलीला जोडावा लागला. चालवायला गडी तयार होईनात. सगळ्या गावासमोरून मेलेलं जनावर ओढून नेल्यावर सप्ताहात टाळ कसे धरायचे, असं जो तो म्हणाला. पोपटराव स्वतः बसले. सबंध गावानं दारात येऊन ते बघितलं.

*

सकाळी म्हाळूंना जाग आली तेव्हा ट्रॉली वस्तीच्या तोंडाशी कलंडून पडली होती. कुणी आणून टाकली ते दिसलं नाही. एक चाक वाकलं होतं, फळीवर रक्ताचे डाग वाळले होते. सम्राट बाहेर आला तर म्हातारा बादली आणि खराटा घेऊन ती धूत होता.

"बाबा, ठेवा. मी धुतो."

म्हाळू थांबले नाहीत. कित्येक महिन्यांनी ते मुलाशी बोलले, तेही खराट्याकडं बघतच.

"आम्ही सोडलं तवा आख्खी वस्ती एका जागी हुती. रातच्याला बाया गाणी म्हणायच्या. भूक हुती, पर माणूस हुतं बाजूला." त्यांनी बादलीतलं उरलेलं पाणी फळीवर ओतलं. "तू एकटा हुतास. एकट्यानं न्हाई म्हणायला लई लागतं रं."

सम्राटनं दुसरा खराटा आणला. दोघांनी मिळून ट्रॉली धुतली.

वस्तीतली माणसं त्यानंतर त्याच्याशी बोलायला लागली. विनोदनं चाक सरळ करून दिलं. पण गावातलं माळवं परत आलं नाही. भांडगावच्या बाजूला एका नर्सरीत रोपं वाहायचं काम मिळालं, तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून मिळालं. निंबवाडीच्या बांधांवरून तो जायचा तेव्हा जी माणसं पूर्वी हात करायची ती आता मोबाइलमध्ये बघायची. झुंबरकाकू समोरून आल्या तर पदर ओढून घ्यायच्या. जनावरं मात्र आता पुन्हा ज्याची तो नेत होता. त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं, जणू पहिल्यापासून तसंच चालत आलं होतं.

करुणा म्हणाली, "या सणसवाडीला. तिथं कोण विचारतंय?"

"तिथं न्हाई विचारत," सम्राट म्हणाला. "म्हणून तर हितं मला विचारायचंय."

उन्हाळ्यात ग्रामसभा झाली. समाजमंदिरात गाव बसलं होतं. सरपंच अनुपमाताई टेबलामागं, त्यांच्या उजव्या हाताला सासरे पोपटराव. अनुपमाताई बारावी शिकलेल्या, आवाज लहान, आणि प्रत्येक विषय वाचण्याआधी सासऱ्यांकडं बघायची सवय. पाणीपट्टी झाली, गटाराचं झालं. आयत्या वेळचे विषय निघाले तेव्हा मागच्या भिंतीशी सम्राट उभा राहिला. त्याच्याबरोबर बोलायला कुणी उठणार नव्हतं आणि तशी त्याची अपेक्षाही नव्हती.

"माझा एक प्रश्न हाय," तो म्हणाला. "माझ्या ट्रॉलीनं एक वासरू नेलं. तवापासून तिला वास येतो म्हणून गावानं माळवं बंद केलं. आप्पांच्या टॅक्टरनं गाय वढली. त्या टॅक्टरनं दुसऱ्या दिवशी सप्त्याचा शिधा आणला. पंगतीला सारं गाव जेवलं. कुणाला वास आला न्हाई." तो थांबला. "तर मला एवढंच सांगा. वास कशाचा येत हुता? जनावराचा का माझा?"

पुढच्या रांगेतले एक आजोबा खोकले. झुंबरकाकू बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या, त्यांनी सतरंजीवरचा धागा उचकटायला सुरुवात केली.

"पुढचा विषय घ्या," पोपटराव म्हणाले.

अनुपमाताईंनी कागद उचलला. "रस्त्यावरचे दिवे—"

"माझा विषय संपला न्हाई, ताई," सम्राट म्हणाला.

अनुपमाताईंनी सवयीनं सासऱ्यांकडं बघितलं. पोपटरावांनी भुवईनं खूण केली. मग ताईंनी सम्राटकडं बघितलं. एका पायावर भार देऊन, भिंतीला न टेकता तो उभा होता. त्याच्या अंगचा शर्ट घामानं भिजला होता.

त्यांनी हातातला कागद टेबलावर उलटा ठेवला.

"उत्तर द्या कुणीतरी," त्या म्हणाल्या. आवाज लहानच होता, पण सभेतल्या प्रत्येकानं तो ऐकला. "त्याशिवाय मी पुढचा विषय घेणार न्हाई."

पोपटराव उठून गेले. त्यांच्यामागून आणखी काही जण गेले. बाकीचं गाव खाली मान घालून बसून राहिलं. उत्तर सोपं होतं आणि ते प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणूनच कुणाचं तोंड उघडत नव्हतं. सम्राट उभाच राहिला.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या सभेत नव्हतं. पण आपण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सतरंजीवर असेच मान खाली घालून बसलेलो आहोत, आणि प्रश्न विचारणारा अजून खाली बसलेला नाही.